चांद्याच्या उन्हात रंगीत पाने

उन्हाळ्याच्या ऐन भरात ज्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांची मर्यादा सहज ओलांडतो आणि पुढे आषाढ-श्रावणात जेथील काळी जमीन दिवसचे दिवस ओलीचिंब राहते, तेथे उत्तर अमेरिकेतील ह्यूकेरा, म्हणजेच बागप्रेमींना ‘कोरल बेल्स’ या नावाने परिचित असलेली वनस्पती, तग धरणे दुर्घट आहे. तिच्या जांभळ्या, ताम्रवर्णी, रुपेरी पानांचा मोह कोणासही पडावा. परंतु उष्णता आणि साचलेला ओलावा यांपुढे तिचा जमिनीलगतचा बुंधा कुजतो. म्हणून चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांतील गृहस्थांनी ती रंगशोभा कोलियस व क्रोटन यांच्याकडे मागावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पानांच्या रंगाचे कौतुक या मुलखाला नवीन नाही. फाल्गुन-चैत्रात येथील अरण्यात कुसुमाचा वृक्ष कोवळ्या पालवीने असा आरक्त होतो, की दुरून पाहणाऱ्यास तो फुलल्याचाच भास व्हावा. कुसुमाची पालवी जून झाली की हिरवी होते; क्रोटनच्या कित्येक जातींत मात्र कोवळी हिरवी-पिवळी पाने जून होताना लाल होतात, आणि हा रंग बराचसा उजेडावर अवलंबून असतो. दाट सावलीत क्रोटन निस्तेज हिरवा पडतो. कोलियसची नाजूक पाने दुपारच्या उन्हाने करपतात. तेव्हा क्रोटनला पूर्वेचे मोकळे अंगण आणि कोलियसला आंब्याची विरळ सावली, अशी तजवीज करावी.

मशागत फारशी नाही. कोलियस तुळशीच्याच कुळातला असल्याने तिच्यासारख्या मंजिऱ्या धरतो. त्या दिसताच खुडाव्यात, म्हणजे झाडाची शक्ती पानांत राहते. शेंडे खुडल्याने झाड डेरेदार होते. क्रोटनची गुटी पावसाळ्यात बांधावी. छाटताना निघणारा चीक कातडीला झोंबतो, म्हणून हात झाकावेत व मुलांना दूर ठेवावे. कुंडीत शेणखत, वाळू आणि अंगणातील पानांचे कुजके खत मिसळावे. त्यासाठी राखीव जंगलातला पालापाचोळा आणणे मला मुळीच पसंत नाही. तो त्या जमिनीचाच आहार आहे.

वैशाखात सकाळीच पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पाचोळा पसरावा. जुना कोलियस खोडाने जरड होतो, म्हणून उन्हाळ्यातून वाचलेल्या झाडांचे शेंडे मृगाच्या सरींनंतर कापून नव्या कुंड्यांत लावावेत. ते लवकरच मुळे धरतात.