इंधन पिणारी टाकी

  गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली गेली. २००९च्या ऑगस्टमध्ये तीच घेऊन दिलीप दोंदे एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले. तिथेच घडलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१८च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परतल्या. या नौकांचं कौतुक करताना आपण शिडाबद्दल आणि वाऱ्याबद्दल भरभरून बोलतो. पण वारा पडला, बंदरात शिरायचं झालं किंवा बॅटऱ्या चार्ज करायच्या झाल्या की शिडाच्या नौकेलाही इंजिन लागतं. इंजिन आलं की इंधनाची टाकी आली. ती बहुधा तळाशी, ओलसर आणि काळोख्या कोपऱ्यात बसवलेली असते. तिच्याकडे कोणी वाकून बघत नाही.

लोखंडी टाकी खाऱ्या ओलीने गंजते. अ‍ॅल्युमिनियमला ओला फोम चिकटून राहिला की तिथे खड्डे पडतात. स्टेनलेस स्टीलही वेल्डिंगच्या सांध्यापाशी दगा देतं. म्हणून अनेक छोट्या नौकांवर पॉलिथिनची टाकी आली. हे पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागलं. आज टाक्यांसाठी वापरतात तो त्याचा दाट, ताठ प्रकार. १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी तो कमी दाबाखाली तयार करण्याची वाट दाखवली. तो गंजत नाही, हलका असतो आणि हव्या त्या वेड्यावाकड्या आकारात ओतता येतो.

गंजत नाही म्हणजे काही होतच नाही, असा समज मात्र सर्रास असतो आणि तो महागात पडतो. पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. पेट्रोल आणि डिझेलही त्याच गोत्रातले. त्यामुळे पाणी ज्या भिंतीत शिरत नाही, तिच्यात इंधनाचे रेणू साखळ्यांमधून वाट काढत शिरतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, तशी नवी टाकी पहिल्यांदा भरल्यावर फुगते. ही वाढ साधारण दोन टक्क्यांपर्यंत जाते. मीटरभर लांबीच्या टाकीला म्हणजे दोन सेंटीमीटर जागा जास्त लागते. सुताराने ती चौकटीत ठोकून घट्ट बसवली असेल, तर ती जागा कुठून येणार? टाकी कोपऱ्यात दाबली जाते आणि अशा सततच्या ताणाखालीच प्लॅस्टिकला केसासारख्या भेगा पडतात. टाकी सपाट पाटावर ठेवावी, भोवती मोकळीक ठेवावी आणि पट्टे हलू न देण्यापुरतेच आवळावेत. माझ्या मते टाकीचं निम्मं आयुष्य बसवतानाच ठरतं.

पेट्रोलचे लहान रेणू तर भिंत ओलांडून बाहेरही येतात. बंद केबिनमध्ये गळती दिसत नसताना वास येतो, त्याचं एक कारण हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून चांगल्या टाक्यांचा आतला पृष्ठभाग फ्लोरिनने प्रक्रिया केलेला असतो किंवा भिंतीत इंधन अडवणारा वेगळा थर घातलेला असतो. डिझेल या बाबतीत बरंच सुसह्य.

डिझेलचा वैरी निराळा, तो म्हणजे पाणी. टाकी अर्धी रिकामी असली की दमट हवा आत जाते आणि रात्री गारव्याने तिच्यातली वाफ थेंब होऊन तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, त्या रेषेवर एक बुरशी वाढते. तिचं शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. फिल्टर उघडल्यावर काळपट, बुळबुळीत साय हाताला लागली, तर ही बुरशी आलीच म्हणून समजा. कोकणच्या पावसाळ्यात बोट वर काढून ठेवताना डिझेलची टाकी जवळपास भरून ठेवावी, काठोकाठ मात्र नाही. शंभर लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं की दीड लिटरहून अधिक वाढतं.

तारकर्ली-देवबागच्या आउटबोर्ड बोटींवरची सुटी पेट्रोल टाकी मात्र पावसाळ्यापूर्वी रिकामी करून ठेवलेली बरी. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. पॉलिथिनला इथेनॉलचा त्रास नाही. जुन्या फायबरच्या टाक्यांना आहे. अमेरिकेत इथेनॉलमिश्रित पेट्रोल आलं तेव्हा कित्येक जुन्या बोटींच्या टाक्यांमधलं रेझिन विरघळून इंजिनात गेलं. जुनी बोट विकत घेताना टाकी कशाची आहे हे आधी विचारावं.

उन्हात राहणाऱ्या टाकीवरून हाताचं बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली, मुठीपाशी बारीक रेषा दिसल्या, की अतिनील किरणांनी साखळ्या तोडायला सुरुवात केलेली असते. काळ्या टाकीत काजळी मिसळलेली असते आणि ती हे किरण स्वतःवर घेते, म्हणून काळी जास्त टिकते. पेट्रोल भरताना सुटी टाकी बोटीतून उतरवून जमिनीवरच ठेवावी, कारण प्लॅस्टिकवर साठलेली स्थिर वीज सहज निघून जात नाही.

आणि चीर पडलीच तर? इपॉक्सी लावणारे पुष्कळ भेटतात, पण पॉलिथिनला गोंद धरत नाही, पापुद्रा निघून येतो. साधं दाट पॉलिथिन त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने वितळवून जोडता येतं. साखळ्या एकमेकींना बांधून टाकलेला 'क्रॉसलिंक' प्रकार अधिक चिवट खरा, पण तो पुन्हा वितळत नाही. ती टाकी बदलावीच लागते. त्याआधी पाइप आणि क्लॅम्प तपासा. टाकी फुटली म्हणून जी ओरड होते, तिच्यात पुष्कळदा कडक झालेला रबरी पाइपच जोडापाशी ठिबकत असतो.