पाळणाघरातलं ‘गुणी’ बाळ

कोरेगाव परिसरात घेवड्याची काढणी किंवा उसाची तोड सुरू झाली, की तान्ह्या बाळाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न घरोघरी येतो. आजी असेल तर ठीक. नाहीतर पाळणाघर, नाहीतर ओळखीची मावशी. संध्याकाळी आईचे प्रश्न ठरलेले: खाल्लं का, झोपलं का? ‘गुणाचं आहे हो, आवाजसुद्धा करत नाही,’ असं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडतो. दिवसभरात बाळाशी कोण काय बोललं, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. ‘ट’ आणि ‘त’मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांच्या कानाला सहसा कळत नाही. त्यांच्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं. वर्षाचं होईतो ही क्षमता ओसरते. कान घरच्या भाषेला सरावतात. म्हणजे पहिला शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी भाषेची पेरणी चालू असते.

मग मोबाईलवर बडबडगीतं लावली तर? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं ते ध्वनी शिकली. तेच पडद्यावरून ऐकणारी काहीच शिकली नाहीत.

एका ताईकडे चार-पाच बाळं असतात, तिला वेगळा वेळ कुठून मिळणार? त्याची गरजही नाही. लंगोट बदलताना, मऊ भात भरवताना एकच बाळ समोर असतं. ‘ओलं झालं होय रे? थांब, कोरडं घालू,’ म्हणायचं आणि त्याच्याकडे बघत क्षणभर गप्प राहायचं. ते ‘आ…गू’ करतं. तो त्याचा जबाब. आपण पुन्हा बोलायचं. हे गप्प राहणंच आपण बहुतेक वेळा विसरतो.

‘आमची भाषा गावठी,’ असा संकोच काही जणींना वाटतो. तो सोडा. जी भाषा तोंडात सहज येते तीच बोला. बाळाला पुस्तकी मराठीची गरज नाही.

आणि ‘गुणी’ बाळाबद्दल एक सावधगिरी. मोठ्या आवाजाला दचकत नसेल, नऊ-दहा महिन्यांचं होऊनही हाकेला वळत नसेल, ‘बाबा-दादा’सारखी बडबड करत नसेल, तर ‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. कानाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना सांगता येईल. पण त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सरळ सरकारी दवाखाना गाठावा.