अमेरिकेतील व्यावसायिक ट्रकचालकांची नियुक्तीपूर्व मादक द्रव्य चाचणी : कायदेशीर तरतुदी व कार्यपद्धती

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमधील मालवाहतुकीत ट्रकचालक हा महत्त्वाचा घटक आहे. तेथील आंतरराज्य महामार्गांवर मालासह ८०,००० पौंड, म्हणजेच सुमारे ३६ टन वजनापर्यंतचा ट्रक चालविण्यास सर्वसाधारणपणे परवानगी आहे. एवढे वजनदार वाहन चालविणाऱ्या व्यक्तीची क्षणभराची बेसावधता इतरांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून चालकाला पहिल्यांदा वाहन हाती देण्यापूर्वीच त्याची मादक द्रव्य चाचणी घेण्याचे बंधन तेथील कायद्याने मालकावर घातले आहे. दुसरीकडे, या एका चाचणीवर चालकाची उपजीविका अवलंबून असते. सार्वजनिक सुरक्षितता आणि व्यक्तीचा रोजगार यांच्यातील हा समतोल कसा साधला गेला आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस येथे ॲमट्रॅकची प्रवासी गाडी आणि कॉनरेलची इंजिने यांची टक्कर होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. कॉनरेलच्या इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी गांजाचे सेवन केल्याचे तपासात निष्पन्न झाले. या घटनेनंतर वाहतूक क्षेत्रातील चाचण्यांच्या मागणीला जोर आला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किनर खटल्यात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या चाचणीचे नियम वैध ठरविले. मूत्र वा रक्ताची चाचणी ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या अर्थाने ‘झडती’च होय, हे न्यायालयाने मान्य केले, तथापि सुरक्षिततेची विशेष गरज लक्षात घेता ती अवाजवी नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती मार्शल यांनी मात्र या निर्णयास असहमती नोंदविली होती.

पुढे १९९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वाहतूक कर्मचारी चाचणीविषयक सर्वसमावेशक कायदा संमत केला. त्यानुसार तयार झालेले नियम रस्ते वाहतुकीतील मोठ्या मालकांना १ जानेवारी १९९५ पासून आणि लहान मालकांना १ जानेवारी १९९६ पासून लागू झाले. सध्या या नियमांची अंमलबजावणी २००० साली स्थापन झालेले संघराज्य मोटार वाहक सुरक्षा प्रशासन करते. चाचणीची कार्यपद्धती मात्र परिवहन विभागाच्या स्वतंत्र नियमावलीत दिलेली आहे.

नियमाची व्याप्ती :
ज्या वाहनांसाठी व्यावसायिक चालक परवाना आवश्यक असतो, त्या वाहनांच्या चालकांना हा नियम लागू होतो. त्यात प्रामुख्याने पुढील वाहने येतात :
१) २६,००१ पौंड (सुमारे ११,८०० किलो) वा त्याहून अधिक वजनक्षमतेची वाहने;
२) चालकासह १६ वा अधिक व्यक्तींसाठी बनविलेली वाहने;
३) इशारा-फलक लावणे बंधनकारक असलेल्या धोकादायक पदार्थांची वाहतूक करणारी वाहने.

चाचणीचा निकाल नकारार्थी असल्याचे मालकाला अधिकृतपणे कळेपर्यंत त्या चालकाकडे वाहन सोपविता येत नाही. याला एक मर्यादित अपवाद आहे. चालक गेल्या ३० दिवसांत एखाद्या मान्य चाचणी कार्यक्रमात सहभागी असेल, आणि त्या कार्यक्रमात गेल्या ६ महिन्यांत त्याची चाचणी झाली असेल किंवा गेले १२ महिने तो यादृच्छिक चाचणीच्या यादीत असेल, तर पूर्वीच्या नोंदींची खातरजमा करून मालकाला नवी चाचणी टाळता येते. मद्याची नियुक्तीपूर्व चाचणी मात्र ऐच्छिक आहे. ती घ्यावयाची असल्यास सर्व उमेदवारांची समान पद्धतीने घ्यावी लागते.

चाचणीची कार्यपद्धती :
चाचणीत गांजा, कोकेन, ॲम्फेटामाइन, ओपिऑइड आणि पी.सी.पी. या पाच वर्गांतील द्रव्यांचा शोध घेतला जातो. १ जानेवारी २०१८ पासून ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन यांसारख्या वेदनाशामकांचा ओपिऑइड वर्गात समावेश झाला. उमेदवाराकडून किमान ४५ मिलिलिटर मूत्रनमुना घेतला जातो. तो बनावट नाही हे पडताळण्यासाठी चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहिले जाते. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. पुरेसा नमुना देता न आल्यास तीन तासांपर्यंत मुदत मिळते. नमुना ३० आणि १५ मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत विभागून उमेदवारासमक्ष मोहोरबंद केला जातो.

प्रयोगशाळेत प्रथम प्राथमिक चाचणी होते. ती होकारार्थी आल्यासच अधिक अचूक पद्धतीने पुष्टी केली जाते. गांजाच्या बाबतीत या दोन टप्प्यांच्या मर्यादा प्रति मिलिलिटर अनुक्रमे ५० व १५ नॅनोग्रॅम इतक्या आहेत. त्यानंतरही निकाल थेट मालकाकडे जात नाही. वैद्यकीय समीक्षा अधिकारी हा परवानाधारक डॉक्टर प्रथम उमेदवाराशी संपर्क साधतो. डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेल्या औषधामुळे निकाल होकारार्थी आल्याचे सिद्ध झाल्यास तो ‘नकारार्थी’ म्हणून कळविला जातो. निकाल अमान्य असल्यास उमेदवार ७२ तासांच्या आत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करू शकतो. आगाऊ पैसे भरता येत नाहीत या कारणास्तव ही तपासणी नाकारता येत नाही.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. नियुक्तीपूर्व चाचणीस उमेदवार हजरच राहिला नाही, तर तो ‘नकार’ मानला जात नाही. परंतु नमुन्याचे पात्र हाती घेऊन प्रक्रिया सुरू झाल्यावर तो निघून गेला, तर तो नकार ठरतो आणि त्याचे परिणाम होकारार्थी निकालासारखेच असतात.

नोंदी व पुनर्प्रवेश :
पूर्वी एका कंपनीत अनुत्तीर्ण झालेला चालक ती माहिती दडवून दुसरीकडे रुजू होऊ शकत असे. ही त्रुटी दूर करण्यासाठी ६ जानेवारी २०२० पासून ‘क्लिअरिंगहाऊस’ ही राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. नियुक्तीपूर्वी चालकाच्या संमतीने तिची संपूर्ण तपासणी करणे मालकास बंधनकारक आहे. १८ नोव्हेंबर २०२४ पासून, प्रतिबंधित नोंद असलेल्या चालकाचा व्यावसायिक परवाना राज्यांनी काढून घ्यावा, अशीही तरतूद लागू झाली.

मात्र अनुत्तीर्ण चालकाला दार कायमचे बंद होत नाही. व्यसनविषयक तज्ज्ञाकडून मूल्यमापन, त्याने सुचविलेले शिक्षण वा उपचार आणि प्रत्यक्ष देखरेखीखालील चाचणी हे टप्पे पार केल्यावर तो पुन्हा वाहन चालविण्यास पात्र ठरतो. त्यानंतरच्या १२ महिन्यांत त्याच्या किमान सहा अघोषित चाचण्या होतात. त्याला कामावर घ्यावे की नाही, हा निर्णय मात्र मालकाचा असतो.

मर्यादा व वादाचे मुद्दे :
मूत्रचाचणी पूर्वीचे सेवन दाखविते. चालक त्या क्षणी नशेत आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही. गांजाचे अवशेष नियमित सेवन करणाऱ्याच्या शरीरात काही आठवडे राहू शकतात. २०१२ मध्ये कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी गांजाच्या सेवनास मान्यता दिली आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तोच मार्ग स्वीकारला. परंतु राज्याची परवानगी वा वैद्यकीय शिफारस हे स्पष्टीकरण परिवहन विभागाच्या चाचणीत ग्राह्य धरले जात नाही. परिणामी, सुट्टीच्या दिवशी राज्याच्या कायद्यानुसार केलेल्या कृतीमुळेही चालकाची नोकरी जाऊ शकते.

२०२३ च्या नियमांत लाळेच्या नमुन्याचा पर्याय समाविष्ट करण्यात आला. मात्र त्यासाठी किमान दोन प्रयोगशाळा प्रमाणित होण्याची अट घालण्यात आली. लाळेत तुलनेने अलीकडचे सेवन आढळते, त्यामुळे हा पर्याय वरील आक्षेपाची तीव्रता काही अंशी कमी करू शकतो.

निष्कर्ष :
या व्यवस्थेचे बलस्थान केवळ तिच्या कठोरतेत नसून, चुकीच्या निकालापासून चालकाला संरक्षण देणाऱ्या टप्प्यांत आहे. दुहेरी नमुना, डॉक्टरांची समीक्षा आणि पुनर्प्रवेशाचा मार्ग यांमुळे तिला न्याय्यतेचा आधार मिळतो. तिची मूलभूत मर्यादा मात्र कायम आहे : चाचणी मोजते ते सेवन आणि कायद्याला रोखावयाचा आहे तो नशेतील चालक. ही दोन टोके जेवढी जवळ येतील, तेवढी रस्त्यावरील माणसाची सुरक्षितता आणि चालकाची भाकरी यांतील ओढाताण कमी होईल.