वीतभर मुशी

कोकणात लहान शार्कला मुशी म्हणतात. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्याजवळ मात्र पूर्ण वाढ होऊनही जेमतेम वीतभर भरणारी एक मुशी राहते. एटमॉप्टेरस पेरी हे तिचे शास्त्रीय नाव. आतापर्यंत नोंदलेली सर्वांत मोठी मादी सुमारे 21 सेंटिमीटरची, म्हणून जगातील सर्वांत लहान शार्कमध्ये तिची गणना होते. स्प्रिंगर आणि बर्जेस या अभ्यासकांनी 1985 मध्ये तिचे वर्णन केले आणि शार्कतज्ज्ञ पेरी गिल्बर्ट यांचे नाव तिला दिले.

तिचा मुक्काम साधारण 280 ते 440 मीटर खोलीवर. तिथे वरून अगदी मंद प्रकाश झिरपतो. अशा उजेडात खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला माशाची काळी सावली लगेच दिसावी; पण या मुशीच्या पोटावर प्रकाश देणारे बारीक अवयव आहेत. त्यांच्या निळसर उजेडात सावलीच पुसली जाते. उजेडाने लपण्याची ही युक्ती खरोखर थक्क करते! तिच्याच कुळातील दुसऱ्या एका शार्कवरच्या प्रयोगांत हा प्रकाश हार्मोन्सच्या ताब्यात असल्याचे दिसले.

अंडी मादीच्या पोटातच उबतात. एका वेळी पिल्ले होतात फक्त दोन-तीन, प्रत्येक सुमारे सहा सेंटिमीटरचे.