मोठा मासा हाती आल्यास : सोडावा, खावा की जतन करावा ?

उन्हाळ्याच्या अखेरीस नद्यांचे व तलावांचे पाणी ओसरू लागले, म्हणजे डोहांत उरलेले मोठे मासे जाळ्यात किंवा गळास सापडू लागतात. पुढे मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्यानाल्यांतून वर चढतात, तेव्हाही एखादा असा मासा हाती येतो, की ज्याची गावात वर्षभर चर्चा व्हावी. अशा वेळी बहुधा पुढील प्रकार घडतो. मासा काठीस टांगून गावातून मिरवला जातो, जो तो त्याच्याबरोबर छायाचित्र काढून घेतो आणि तोवर दुपार टळून जाते. संध्याकाळी मासा कापावयास घ्यावा, तर पोट मऊ पडून वास सुटलेला असतो. शाळेच्या संग्रहासाठी ठेवावा, तर खवले गळून पर फाटलेले असतात. डोहात परत सोडण्याची वेळ तर केव्हाच निघून गेलेली असते. मोठा मासा मिळूनही गावाच्या पदरी काहीच पडत नाही.

याचे कारण सरळ आहे. खाण्यासाठी ठेवावयाच्या माशाचे पोट ताबडतोब साफ करावे लागते. पेंढा भरून ठेवावयाच्या माशास सुरी लागता उपयोगाची नाही. परत सोडावयाच्या माशास तर कोरडा हातही लागू नये. या तीन वाटा पहिल्या क्षणापासूनच वेगळ्या होतात व एकीवरून दुसरीवर येता येत नाही. म्हणून माशाचे काय करावयाचे, हे मासा काठावर येण्यापूर्वीच ठरलेले असणे इष्ट होय.

प्रथम मासा ओळखावा

निर्णयाचा पाया माशाच्या जातीवर आहे. गावात सापडणारे मोठे मासे या दृष्टीने तीन प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार तलावात वाढविलेल्या कटला, रोहू व मृगळ या माशांचा. कटल्याचे डोके मोठे असते, तोंड वरच्या बाजूस वळलेले असते व त्यास मिशा नसतात. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात. हे मासे कितीही मोठे झाले तरी तलावाच्या स्थिर पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांस पावसाळ्यातील वाहती नदी लागते. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले व तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत हे बीज तयार होऊ लागले. तात्पर्य, तलावातील मोठा कटला परत सोडल्याने त्या तलावात नवे पिल्लू जन्मास येत नाही. तो खुशाल काढावा. मात्र तलावातील माशांवर ठेका घेतलेल्या संस्थेचा हक्क असतो, हे विसरू नये. पावसाळ्याच्या तोंडावर सापडलेला निकोप नर अथवा मादी जवळच्या मत्स्यबीज केंद्रास जननक्षम मासा म्हणून हवी आहे काय, याचीही आधी विचारणा करावी.

दुसरा प्रकार नदीतील महाशिराचा. अंग लांबट व भरीव, खवले मोठे व जाड, ओठ मांसल आणि तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या, ही त्याची खूण होय. अंगाच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर पंचवीसच्या आसपासच खवले भरतात. दख्खनच्या महाशिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशावरून. हा मासा सावकाश वाढतो व वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. कटला-रोहूच्या मादीस दर किलो वजनामागे लाखाच्या घरात अंडी असतात, तर महाशिराच्या मादीस ती काही हजारांच्याच घरात असतात. त्यातच बंधाऱ्यांनी त्याची वर चढण्याची वाट अडविली आहे आणि वाळूच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा नाहीशा होत आहेत. म्हणून नदीत सापडलेला मोठा महाशीर परत सोडणे, हेच सर्वांत हितावह होय.

तिसरा प्रकार परदेशी मांगुराचा. अंगास खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या आहेत आणि लांबी अर्ध्या मीटरहून अधिक आहे, असा मांगूर सापडल्यास तो बहुधा आफ्रिकेतील मांगूर समजावा. आपला देशी मांगूर एवढा वाढत नाही. परदेशी मांगुराच्या पालनास देशात बंदी आहे, कारण तो इतर मासे फस्त करतो व पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. असा मासा पाण्यात परत सोडू नये, जिवंत दुसऱ्या तलावात नेऊ नये आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयास कळवावे.

सोडावयाचा मासा कसा हाताळावा

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे कवच आहे. कोरड्या हाताने किंवा तापलेल्या खडकावर ठेवल्याने तो थर निघतो व पुढे जखमेवर बुरशी चढते. यास्तव हात आधी ओले करावेत. माशास कल्ल्यांत बोटे घालून किंवा जबड्यास धरून उभा टांगू नये. एक हात पोटाखाली व दुसरा शेपटीच्या मुळाशी ठेवून आडवा धरावा. गळ खोल गेला असल्यास ओढाताण न करता दोरा तोंडाजवळ कापावा.

मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवावा, यास सोपे माप आहे. मासा उचलताना धरणाऱ्याने आपलाही श्वास रोखावा. आपणास श्वास घ्यावासा वाटला, की मासा पाण्यात गेलाच पाहिजे. उन्हाळ्यात पाणी तापलेले व त्यातील प्राणवायू कमी झालेला असतो. अशा वेळी फार वेळ झुंजवून थकविलेला मासा पोहत गेलासा दिसला, तरी नंतर मरण्याचा संभव असतो. तेव्हा तो लवकर काठाशी आणावा. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्यावा आणि तो स्वतःच्या बळाने हातातून निघाल्यावरच हात काढावा.

मासा जेथे सापडला तेथेच सोडावा. महाशीर दुर्मीळ म्हणून तो दुसऱ्या नदीत नेऊन सोडणे हे पुण्यकर्म नव्हे. कावेरी नदीत बाहेरून आणून सोडलेल्या दख्खनच्या महाशिराचा फैलाव झाला व तेथील मूळचा वाशिंडाचा महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली त्या मूळ जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करण्यात आली. नवीन पाण्यात महाशिराचे बीज सोडावयाचे असल्यास ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सोडावे. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून असे बीज तयार केले जात आहे.

मापे हाच टिकाऊ पुरावा

मासा सोडला तर लोक विश्वास कसा ठेवतील, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर मोजपट्टीत आहे. ओल्या फडक्यावर मासा आडवा ठेवून नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंतची लांबी व पाठीच्या पराजवळ, जेथे अंग सर्वांत रुंद असते तेथील घेर, ही दोन मापे घ्यावीत. लांबीस घेराने दोनदा गुणून २९,००० ने भागावे, म्हणजे किलोग्रॅममध्ये अदमासे वजन मिळते. उदाहरणार्थ, लांबी ९० सेंटिमीटर व घेर ५० सेंटिमीटर असल्यास ९० × ५० × ५० = २,२५,००० ; त्यास २९,००० ने भागता वजन पावणेआठ किलोच्या जवळपास येते. हे सूत्र ट्राउट व सामन माशांच्या शिकाऱ्यांनी रूढ केलेले असून लांबट अंगाच्या माशांस अदमासापुरते ते चालते. माशाशेजारी मोजपट्टी ठेवून डाव्या बाजूचे एक छायाचित्र घ्यावे. सोडण्यापूर्वी अंगावरून सुटून आलेला एखादा खवला असल्यास कागदी पाकिटात कोरडा ठेवावा. खवल्यावरील वलयांवरून माशाच्या वाढीचा व वयाचा अंदाज करता येतो.

खाण्यासाठी ठेवावयाचा मासा

मासा मेल्याबरोबर कल्ल्यांतील व आतड्यांतील जंतू आपले काम सुरू करतात. उष्ण हवेत हे काम काही तासांतच पुरे होते. मोठा मासा आतून लवकर निवत नाही, म्हणून तो लहान माशापेक्षा अधिक टिकेल ही समजूत चुकीची आहे. कल्ले व आतडी काढून, पोकळी स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत मासा कापावा. बर्फ मिळत असल्यास माशाच्या वजनाइतका बर्फ बारीक फोडून माशाखाली, वर व पोटाच्या पोकळीत भरावा. वितळलेले पाणी वाहून जाण्यास पेटीच्या तळाशी भोक असावे. बर्फ नसल्यास ओल्या गोणपाटात सावलीत ठेवून त्याच दिवशी शिजवावा.

मासा एका कुटुंबास संपण्यासारखा नसेल, तर खारविणे उत्तम. पाठीच्या बाजूने चिरून मासा उघडावा, सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचे काप करावेत व चार किलो मासळीस एक किलो स्वच्छ मीठ या प्रमाणात चोळून थरावर थर रचावेत. सुटलेले पाणी निथळल्यावर काप जमिनीपासून उंच बांधलेल्या ताटीवर उन्हात सुकवावेत. वाळूवर पसरू नयेत. पावसाळी हवेत मासळी नीट सुकत नाही व तिला बुरशी येते, म्हणून त्या दिवसांत सुकविण्याच्या भरवशावर राहू नये.

शाळेसाठी नमुना

पाण्यात बुडवून ठेवण्याचा नमुना लहान माशाचाच करावा. वीतभर लांबीचा मासा बरणीत मावतो; मीटरभर लांबीच्या माशासाठी बरणीही मिळत नाही व औषधही परवडत नाही. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग, असे मिश्रण वापरावे. डावी बाजू दर्शनी राहावी म्हणून पोटाच्या उजव्या बाजूस लहानसा छेद द्यावा, म्हणजे औषध आतपर्यंत पोहोचते. माशाचा रंग लवकरच उडून जातो, यास्तव छायाचित्र आधी घ्यावे. जाड कागदावर शिसपेन्सिलीने गाव, नदी, तारीख, लांबी व स्थानिक नाव लिहून ती चिठ्ठी बरणीतच टाकावी, शाई विरघळते. चिठ्ठी नसलेला मासा शाळेच्या कपाटात केवळ शोभेचा ठरतो.

फॉर्मलिन हे विष आहे. ते मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, वडीलधाऱ्यांनीच हाताळावे. मुलांच्या हाती देऊ नये. फॉर्मलिन लागलेला मासा कोणत्याही परिस्थितीत खाण्यात येऊ नये व जनावरांसही घालू नये. ओळख न पटणारा मासा आढळल्यास पुणे येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राशी संपर्क साधावा.

पेंढा भरलेला मासा

भिंतीवर लावण्याचा मासा ही मूळची इंग्रजी अमदानीतील हौस. काश्मीर, हिमाचल प्रदेश व निलगिरीच्या थंड पाण्यात बाहेरून आणलेला ट्राउट मासा रुजला, त्याबरोबर मोठा मासा मानचिन्ह म्हणून जतन करण्याची चालही आली. हे काम कुशल कारागिराचे आहे. कातडे एका बाजूने सोडवून मांस व चरबी पूर्ण काढावी लागते. थोडी चरबी राहिली, तरी पुढे तेल पाझरून कातडे पिवळे पडते. रंग उडाल्याने अखेर तो हाताने द्यावा लागतो. कारागिराकडे न्यावयाचा मासा धुऊन, पोट न चिरता, पर अंगाशी सपाट ठेवून, ओल्या फडक्यात गुंडाळावा व ताबडतोब गोठवावा. जुन्या शाळा-महाविद्यालयांतील अशा माशांच्या कातड्यास सोमलाचा लेप असण्याचा संभव असतो. ते उघड्या हातांनी झाडू-पुसू नयेत.

ज्या देशांतून ही चाल आली, तेथेही आता तिची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली आहे. मोठा ट्राउट मोजून, छायाचित्र घेऊन पाण्यात सोडतात व त्या मापांवरून काचतंतूची हुबेहूब प्रतिकृती करवून घेतात. तिला कीड लागत नाही, वास येत नाही, आणि मासा नदीतच राहतो.

महाराष्ट्रास ही कल्पना परकी नाही. महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंड येथील आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथील डोहांत देवाचे मासे म्हणून महाशीर राखले गेले आहेत. तेथे कोणी जाळे टाकीत नाही. देवस्थानच्या डोहाबाहेरही असा नियम करणे गावाच्या हाती आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडावा, गावातील एक खोल डोह राखून ठेवण्याचे ठरवून घ्यावे आणि मोजपट्टी व नोंदवही मत्स्यव्यवसाय संस्थेकडे द्यावी. तलावातला कटला सर्वांनी वाटून खावा. नदीतला महाशीर नोंदवहीत लिहून डोहास परत करावा. पुढील वर्षी त्याच डोहात तोच मासा चार बोटे अधिक लांब मोजता आला, तर भिंतीवरील कोणत्याही मानचिन्हापेक्षा ती नोंद गावास अधिक भूषणावह होईल.