प्रसाद कणभर, पथ्य वर्षभर

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली की श्रीवर्धनपासून हरिहरेश्वरापर्यंत घरोघरी नारळ खवले जातात आणि उकडीच्या मोदकांचा सुवास माजघरातून ओटीवर येतो. कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही चाळीस वर्षे या किनाऱ्यावरील घरे हिंडलो, परंतु "बुवा, आणखी एक" हा आग्रह कधी मोडला नाही. रात्री अकराला कीर्तन संपावे, बाराला पान वाढले जावे आणि जेवून लगेच अंथरुणावर पडावे, असा आमचा क्रम होता.

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर १४२ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' चाचणी ७.२ टक्के आली. तहान नाही, थकवा नाही. तरीही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा आरंभ झालेला होता. बुवांना व्याधी जडली हे लोकांना कळू नये म्हणून आम्ही ते लपविले. तो उत्सव पूर्वीसारखाच जेवलो. पुढच्या तपासणीत तो आकडा ८.१ झाला.

लाज वाटावी ती याची, की हेच शास्त्र आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. प्रमेहाची कारणे सांगताना चरकसंहिता सुखासीन बैठक, अतिनिद्रा, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेते. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हेही तिने नोंदविले आहे. सुश्रुतांनी जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवणारा असे दोन भेद केले आणि निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालण्याचे पथ्य घातले.

आजचे वैद्यक निराळे सांगत नाही, केवळ मोजून सांगते. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असेल तर ती धोक्याची पायरी. १२६ वा अधिक पुन्हा आढळल्यास मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. "आम्ही तर सडपातळ" असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि समान उंची-वजन गुणोत्तराच्या एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना मांडली. सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपले हातपाय बारीक दिसले तरी चरबी पोटाभोवती दडून राहते.

आमचे डोळे उघडले ते एका यजमानांच्या सूनबाईंमुळे. त्यांच्या सासऱ्यांचा पाय याच व्याधीत गुडघ्यापासून काढावा लागला होता. पान वाढताना त्या हलकेच म्हणाल्या, "बुवा, अर्धाच मोदक ठेवते. बिरडं मात्र पोटभर घ्या." चाळीस वर्षांत असा आग्रह प्रथमच लाभला. प्रसादाचे पावित्र्य त्याच्या मापात नसते; तीर्थ आपण पळीभर घेतो, घागरभर नव्हे.

उत्सवात सांभाळावे ते थोडकेच. पानावर बसताच प्रथम भाजी, कोशिंबीर आणि वालाचे बिरडे घ्यावे, भात त्यानंतर व बेताचा. म्हणजे साखर एकदम उसळत नाही. मोदक घ्यायचा तर भाताची तितकी मूद कमी करावी. गौरीच्या घावन-घाटल्यालाही हाच नियम. गूळ साखरेहून निर्धोक हा भ्रम होय. गुळातही बहुतांश साखरच असते. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा ताक आणि मूठभर शेंगदाणे बरे.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण चालणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. मात्र सुश्रुतांनी सांगितलेले अनवाणी चालणे मधुमेह्याने आज आचरू नये. पायांची संवेदना मंदावली असेल तर तापलेला दगड वा शिंपल्याची कपार कळतच नाही. देवळात अनवाणी जावेच लागते. म्हणून घरी परतल्यावर तळवे नीट पाहावेत.

औषध चालू असणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन वा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर ७० च्या खाली उतरते; घाम, कंप, भोवळ येते. अशा वेळी व्रतभंगाची भीती न धरता तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. काढ्याच्या वा नवसाच्या भरवशावर गोळी सोडू नये.

आता आमचे कीर्तन नऊलाच संपते. जेवण आधी आणि कीर्तन नंतर असा आमचा शब्द असतो. गोळी, चालणे आणि अर्धा मोदक यांनी गेल्या ज्येष्ठात तो आकडा ६.४ वर आला. व्याधी गेली नाही, आवरली आहे. पथ्य सुटले की ती परत येईल हे आम्ही जाणतो.

गृहिणींना एवढीच विनंती, की यंदा वाढताना "आणखी एक" म्हणण्यापूर्वी "आपल्याला चालेल ना?" असे विचारावे. आणि ज्याला व्याधी आहे त्याने आमच्यासारखे लपवू नये. विघ्नहर्ता विघ्न हरतो, परंतु ते त्याच्यापुढे सांगावे तरी लागते!