भांडुपच्या पाठीशी उभे अरण्य : सहकुटुंब पदभ्रमणाची वाट

मुंबईच्या पूर्व उपनगरांत भांडुपचे स्थान आगळे आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुप येथे आले असता मुंबई व ठाणे जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद आढळते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी याच गावावरून ठाण्यास गेली. या लोहमार्गाच्या पश्चिमेस भांडुपची वस्ती चढत चढत डोंगराला भिडते. पूर्वेस द्रुतगती मार्ग ओलांडला की मिठागरे, खारफुटीचे रान आणि ठाण्याची खाडी लागते. डोंगराआड विहार व तुळशी हे तलाव आहेत, तर दक्षिणेस पवईचा तलाव. अरण्य, दरी, तलाव व खाडी ही सारी निसर्गरूपे लोकलच्या एका स्थानकाच्या परिसरात एकवटावीत, हे भाग्य फार थोड्या नगरांच्या वाट्यास आले असेल.

या भाग्याचा लाभ सामान्य कुटुंबाने कसा घ्यावा, हा या लेखाचा विषय आहे. पदभ्रमण म्हटले की दोरखंड, कडेकपारी व तरणीबांड मंडळी डोळ्यांसमोर येतात. परंतु आजी-आजोबांपासून पहिलीतल्या मुलापर्यंत सर्वांना झेपेल अशी दोन-तीन तासांची पायपीट हेही पदभ्रमणच होय. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी माहिती आणि थोडी शिस्त. या परिसरात त्या शिस्तीला विशेष कारण आहे, आणि ते कारण पाण्याच्या इतिहासात आहे.

तलावांनी राखलेले अरण्य

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहर विहिरी व टाक्यांच्या पाण्यावर जगत होते. वाढत्या लोकवस्तीस ते पुरेना. तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात विहार येथे धरण बांधण्याचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६० साली ते पूर्ण झाले. मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते या तलावातून. १८७९ साली तुळशी तलावाची त्यात भर पडली. १८९१ च्या सुमारास पवईचा तलावही बांधून झाला, परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही.

आज मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित साठवण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यात विहारचा वाटा सुमारे २७,७०० व तुळशीचा सुमारे ८,०५० दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. हा वाटा अल्प वाटेल. तथापि या दोन तलावांनी मुंबईला पाण्याखेरीज आणखी एक मोठी देणगी दिली. पिण्याचे पाणी निर्मळ राहावे म्हणून त्यांचे पाणलोट क्षेत्र दीडशे वर्षांहून अधिक काळ राखले गेले. भोवतालचे शहर वाढत गेले, पण या क्षेत्रात वस्ती व कारखाने शिरू शकले नाहीत. त्या राखलेल्या क्षेत्राभोवतीच पुढे राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. तलावांनी अरण्य राखले आणि अरण्याने तलाव राखले, असा हा परस्पर ऋणानुबंध आहे.

म्हणूनच विहार व तुळशीचे काठ सहलीसाठी मोकळे नाहीत. भांडुपच्या डोंगरपायथ्याशी १९८० च्या सुमारास उभारलेले, दररोज १,९१० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता असलेले जलशुद्धीकरण केंद्रही प्रतिबंधित क्षेत्रात मोडते. वस्तीच्या मागून डोंगरावर चढणाऱ्या अनधिकृत पायवाटा जवळच्या वाटल्या, तरी त्या कुटुंबासाठी नाहीत. ‘बंद’ असा फलक दिसताच मुलांना त्यामागील कारण सांगावे. मुंबईतील हे रान अशा फलकांमुळेच उरले आहे, हे मुलास एकदा कळले की फलक त्यास जाचक वाटत नाही.

मोकळ्या वाटा

भांडुपहून निघणाऱ्या कुटुंबास सर्वांत सोयीची वाट कान्हेरी लेण्यांची. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवली येथील प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे ६ किलोमीटरवर आहेत. रस्ता डांबरी व सावलीचा असून सर्व अंतर चालणे शक्य नसल्यास एका बाजूस उद्यानाच्या वाहनसेवेचा उपयोग करता येतो. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. जाताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने गेल्यास वाटेत पवईचा तलाव दिसतो. मात्र त्याच्या पाण्यात उतरू नये. त्यात मगरींचा वास आहे.

ज्यांना रानातील खरी पायवाट हवी, त्यांच्यासाठी उद्यानात शिलोंडा व वसईच्या खाडीपलीकडील नागला यांसारख्या निसर्गवाटा आहेत. तेथे वन विभागाच्या परवानगीने व मार्गदर्शकासह जावे लागते. उद्यानातील निसर्ग माहिती केंद्रात त्याची चौकशी करता येते. शालेय गटांसाठी गोरेगाव येथे चित्रनगरीजवळ असलेले बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्रही उपयुक्त आहे. ही संस्था १८८३ पासून कार्यरत आहे.

वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. साग, ऐन, पळस, पांगारा, काटेसावर व बांबू ही झाडे मुलांना पाने व साल यांवरून ओळखता येतात. चितळ व वानर सहज दृष्टीस पडतात. कारवीची झुडपे आठ वर्षांतून एकदाच सामुदायिक रीत्या फुलतात. येथील डोंगर २०१६ साली व त्यानंतर २०२४ साली असे जांभळे झाले होते. एका बहराच्या वेळी पहिलीत असलेले मूल पुढच्या बहराच्या वेळी नववीत असते. निसर्गाचे कालमान समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

खडकातील पाणीसाठे

कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे काळ्या बसाल्ट खडकात कोरली जात होती. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह व तेथील भव्य बुद्धमूर्ती सर्वांनाच आकर्षित करतात. परंतु कुटुंबाने व शिक्षकांनी आवर्जून पाहावी अशी गोष्ट म्हणजे लेण्यांलगतची पाण्याची टाकी. येथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरउतारावर पडणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत आणले जाई. चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढण्याची ही व्यवस्था होती. टंचाईच्या गावांत पाणी साठविण्याचे महत्त्व सांगताना अशी एक टाकी जे शिकवते, ते अनेक व्याख्याने शिकवू शकत नाहीत.

मिठी, दहिसर व पोईसर या नद्यांचे उगम याच डोंगरांत आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या पुराने शहरात हाहाकार उडाला. झाडीने झाकलेला उतार पाणी जिरवतो, उघडा उतार ते एकदम खाली सोडतो, हा धडा रानातील ओढ्याकाठी बसून मुलांना समजावता येतो.

बिबट्या व कचरा

या अरण्यात बिबट्या आहे, हे ऐकून अनेक पालक कचरतात. बिबट्या स्वभावतः माणसास टाळतो. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वाटेने, समूहाने जाणाऱ्यांस तो क्वचितच दिसतो. अरण्याच्या काठावरील वस्त्यांत मात्र एक साखळी लक्षात घ्यावी लागते. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात व कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. म्हणजे कचऱ्याची वेळेवर उचल हा बिबट्यापासून संरक्षणाचाही उपाय ठरतो. येथील पाड्यांतून राहणारे वारली बांधव वाघोबाला देव मानतात. शेजाऱ्याचा मान राखून अंतर ठेवण्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत नागर कुटुंबांनीही अंगी बाणवण्याजोगी आहे.

पाळावयाची पथ्ये

पदभ्रमणास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात रान देखणे असते, पण ओढ्यास पाणी अकस्मात चढते व शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो. त्या दिवसांत प्रवाहात उतरणे कटाक्षाने टाळावे. उन्हाळ्यात वाळलेले गवत एका काडीने पेटते, म्हणून विस्तव व धूम्रपान वर्ज्य मानावे.

चालीचा वेग सर्वांत लहान मुलाच्या पावलाने ठरवावा. पुढे व मागे मोठी माणसे आणि मधे मुले, असा क्रम असावा. पायात घट्ट बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, प्रत्येकाजवळ पाणी व एकाजवळ प्रथमोपचाराची पेटी असावी. माकडांस खाऊ घालू नये. ध्वनिवर्धक व गाणी घरी ठेवावीत. नेलेले प्लास्टिक परत आणावे आणि सूर्यास्तापूर्वी प्रवेशद्वाराबाहेर पडावे.

खाडीकडची बाजू

दुसऱ्या एखाद्या दिवशी भांडुपच्या पूर्वेस जावे. भांडुप पंपिंग स्टेशनच्या नावाने पक्षिनिरीक्षकांत प्रसिद्ध असलेल्या या भागात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे येतात. ठाणे खाडीच्या १,६९० हेक्टर क्षेत्रास २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले व २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शहराने वापरलेले सांडपाणीही याच बाजूस प्रक्रियेसाठी येते. लोहमार्गाच्या पश्चिमेस पाणी शुद्ध होऊन घराघरांत जाते आणि पूर्वेस ते वापरून झाल्यावर खाडीच्या वाटेस लागते. पाण्याचा हा प्रवास एकाच उपनगरात, दोन सुट्यांत, पायी पाहता येतो.

गावोगावी अनुकरण

न्यूयॉर्कसारख्या महानगराने कॅट्स्किल डोंगरांतील पाणलोट क्षेत्र राखण्यासाठी १९९७ साली तेथील गावांशी करार केला, कारण पाणी मागाहून शुद्ध करीत बसण्यापेक्षा उगम राखणे त्यास हितावह वाटले. आपल्या राज्यात तर गावोगावी पाझर तलाव, देवराया व वनजमिनी आहेत. ग्रामपंचायतीने शाळेच्या सहकार्याने आपल्या पाण्याच्या उगमापर्यंतची एक सुरक्षित वाट ठरवावी, कोठपर्यंत जावे व कोठे थांबावे हे फलकावर लिहावे आणि गावातील तरुणांना मार्गदर्शनाचे काम द्यावे. वर्षातून एकदा सर्व कुटुंबांनी त्या वाटेने चालावे. ज्या मुलाने आपल्या नळाच्या पाण्याची वाट स्वतःच्या पायांनी मोजली आहे, ते मोठेपणी त्या वाटेवर कुऱ्हाड वा कचरा येऊ देणार नाही.